फूफाजींची समजूत

आमच्या ऑफिसात काही बिघडलं की कुणी दचकत नसे. सलग चार दिवस काहीच बिघडलं नाही, की मात्र सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागत. पाण्याच्या पंपांना शहाणपण शिकवायचं, हा आमचा धंदा. ग्वाल्हेरची वीज, ग्वाल्हेरचं खारं पाणी आणि गच्चीगच्चीवरून फिरणारी माकडं, एवढ्यांशी सामना असताना सगळं सुरळीत चाललंय असं कुणी म्हणालं, तर त्याने नीट बघितलेलं नाही असंच आम्ही धरून चालत असू.

नात्यातल्या बायका विचारत, "वंदना, तू कम्प्युटरमध्ये करतेस तरी काय?" मी सांगे, "टाकी भरली की पंप बंद करते." एक मावशी त्यावर म्हणाल्या होत्या, "अगं, त्याला इंजिनिअर कशाला हवी? आमचा गडी वर जाऊन बघून येतो." मावशींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आमचा प्रोग्राम म्हणजे तो गडीच. फरक एवढाच, की जिन्याला कुलूप असलं आणि वर जाता आलं नाही, तर गडी आपणहून येऊन तसं सांगतो. यंत्राला ते शिकवावं लागतं, आणि त्याने सांगितलेलं ऐकायला माणसांना शिकवावं लागतं. यातलं दुसरं जास्त अवघड.

आम्ही सी नावाच्या जुन्या, काटक भाषेत लिहीत असू. या भाषेत एखाद्या कामाला पाठवलं, की ते परत येताना हातात एक आकडा घेऊन येतं. शून्य आणलं तर सगळं ठीक, दुसरं काही आणलं तर कुठेतरी घोटाळा झाला. तो आकडा बघायचा की नाही, हे पाठवणाऱ्याच्या मर्जीवर. ही भाषा आरडाओरडा करत नाही, हाताला धरून थांबवत नाही. आपण आकड्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेलो तर तीही निमूटपणे मागे येते. आणि माणूस असा, की काम सांगताना दहा सूचना देईल, पण ते झालं का हे विचारायला विसरेल.

दादासाहेबांची ही छोटी कंपनी फूलबागेजवळच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होती. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. दादासाहेबांचेही तसेच. त्यामुळे ऑफिसात आम्ही दोघं मराठीत बोलत असू, बाकी सगळे हिंदीत, आणि आम्हीही वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत केव्हा पोचलो हे आम्हाला कळत नसे. पंप चालू-बंद करणारा आमचा डबा गच्चीखाली भिंतीला लागे, टाकीतल्या सेन्सरची तार त्यात येई. तार तुटली, सेन्सर गेला, वीज कमीजास्त झाली, की डब्याचा भोंगा वाजे.

सराफ्यातले एक सेठजी आमचे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक. खाली दुकान, वर घर, घरावर टाकी. डबा बसवून थोडे दिवस होतात न होतात तो त्यांचा फोन आला. "बहनजी, आपकी मशीन अब एकदम चुप है। बहुत बढ़िया चल रही है।" ते 'अब' ऐकून मला शंका आली, म्हणून मी जाऊन बघितलं. भोंग्यात कापूस ठासलेला होता, आणि कापूस निसटू नये म्हणून वर मेण ओतलं होतं. सेठजी म्हणाले, "दिन भर चें-चें करती थी। ग्राहक मंगलसूत्र देख रही है और ऊपर से चें-चें। अपशकुन लगता है न?"

उंदरांनी तार कुरतडली होती आणि डबा बिचारा तेवढंच सांगत होता. मी म्हटलं, "सेठजी, भोंपू बीमारी नहीं है, बीमारी की खबर है।" सेठजी पटकन म्हणाले, "खबर तो अच्छी होनी चाहिए न, बहनजी।" मी मेण खरवडून कापूस काढला आणि तार बदलून दिली. पुढे आमच्या ऑफिसात एवढ्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी हाच कापसाचा उद्योग मांडला, तेव्हा सेठजींवर उगाच हसलो असं वाटलं.

दादासाहेब थकले आणि त्यांनी कंपनी विकली. घेणारी कंपनी पुण्याची, धंदा आमचाच. त्यांचे डबे दक्षिणेकडे खपत, आमचे उत्तरेकडे. आता दोन्हींचा प्रोग्राम एक करायचा होता, डबा एक, नाव एक, आणि ते नाव अर्थातच त्यांचं. आमचा डबा सुरू होताना त्याच्या चिमुकल्या पडद्यावर दादासाहेबांच्या आईचं नाव उमटायचं. एकत्रीकरणात सगळ्यात आधी ते पुसलं गेलं. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण मला वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पुण्याहून या कामावर गोखले नेमले गेले होते. हुशार, सभ्य, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणारा माणूस. दोन्ही ऑफिसांची पडद्यावर पहिली भेट झाली तेव्हा मला आमच्या लोकांची ओळख करून द्यायची होती. मराठी माणसं भेटली म्हणून मी खुशीत होते. भिंड-मुरैन्याहून आलेल्या आमच्या मुलांविषयी मी अभिमानाने सांगितलं, "यांना ग्वाल्हेरात येऊन फार चांगली शिक्षा मिळाली."

पलीकडे सगळे एकमेकांकडे बघू लागले. गोखल्यांनी काळजीने विचारलं, "का हो, काय केलं होतं त्यांनी?"

मग दोन्हीकडे हसू फुटलं. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मी समजावून सांगितलं. तरी मी मनातून खट्टू झाले. त्यानंतर मी पुण्याशी बोलताना वाक्य आधी मनात घोळवून मग तोंडातून काढू लागले. एका मुलीने तर प्रेमाने सांगितलं, "ताई, तुमचं मराठी किती गोड आहे!" गोड म्हणजे काय, हे ज्याला म्हटलं जातं त्यालाच कळतं.

त्याच भेटीत गोखल्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिच्यावर कुणी हसलं नाही. एक झालेला प्रोग्राम आधी पुण्याच्या तपासणीच्या टूलमधून सुटायला हवा आणि मग एका खऱ्या ठिकाणी चालवून दाखवायला हवा. ग्वाल्हेरच्या भागाने त्रास दिला, तर दोन ऑफिसं ठेवण्यात अर्थ नाही. फूलबागेचं ऑफिस बंद होईल, ज्यांना यायचं त्यांनी पुण्याला यावं.

याचा घाव सगळ्यात जास्त बसला भदौरियाला. आमच्या डब्याचा मूळ प्रोग्राम त्याचा. मूळचा भिंडचा, मिशी भरघोस आणि बोलणं मोजकं. बायको सरकारी शाळेत शिक्षिका, तिची बदली दुसऱ्या राज्यात होणं शक्य नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. मुलगी शाळेत रमलेली, नववीत गेलेली. नोकरी सोडावी तर ग्वाल्हेरात अशा कामाची दुसरी कंपनी नाही. तो रोज वेळेवर येऊन कामाला बसे. पण एके दिवशी चहा पिताना म्हणाला, "दीदी, बिटिया की टी.सी. की अर्ज़ी लगा दी है। जाना पड़ा तो उसे साथ ले जाऊँगा। अम्मा के पास बहू रहेगी, मेरे पास बिटिया।" मुलीचा शाळेचा दाखला काढून घर असं मधोमध वाटून टाकलेलं ऐकून मी चहा तसाच खाली ठेवला.

आता त्या टूलविषयी. हे टूल प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसता वाचतं, आणि वाचता वाचता बोट ठेवतं: इथे आकडा आणलाय पण कुणी बघितला नाही, इथे जागा मागितलीय पण मिळाली का ते विचारलं नाही, इथे दार उघडलंय ते बंद कोण करणार? आमच्याकडच्या लग्नात एक फूफाजी असतात, म्हणजे आत्याचे यजमान. त्यांचा रुसण्याचा मान ठरलेला. पाणी आधी त्यांना दिलं नाही, खुर्ची पंख्याखाली नव्हती, हाराची फुलं कोमेजलेली होती, अशी त्यांची तक्रार संपत नाही, आणि त्यांची समजूत काढल्याशिवाय वरात हलत नाही. पहिल्या दिवशी टूलने आमच्या प्रोग्रामवर अशी काही तक्रारींची रास ओतली, की भदौरिया पडद्याकडे बघत म्हणाला, "ये तो फूफाजी हैं।" तेव्हापासून ऑफिसात तेच नाव पडलं. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, "फूफाजी माने क्या?" म्हणजे, रुसवा निघाला का?

भदौरियाला आधी त्याचा संतापच आला. "बरसों से चल रहा है, कोई शिकायत नहीं। चलते प्रोग्राम को छेड़ना पाप है।" पण फूफाजी नुसतेच रुसणारे नव्हते. उन्हाळ्यात आमचे काही डबे अधूनमधून गोठल्यासारखे होत. बंद करून चालू केले की पुन्हा नीट. आम्ही वर्षानुवर्षं ग्वाल्हेरच्या उन्हाला दोष देत आलो होतो. फूफाजींनी एका ओळीवर बोट ठेवलं. सेन्सरशी बोलण्याआधी प्रोग्रामचा एक भाग किल्ली घेतो, म्हणजे दुसरा कुणी मधे बोलू नये. बोलून झालं की किल्ली परत ठेवतो. पण बोलताना काही बिघडलं, तर त्या गडबडीत तो किल्ली खिशात घालून निघून जात होता. मग बाकीचे सगळे दाराबाहेर ताटकळत. उन्हाळ्यात वीज जास्त दगा देई, म्हणून हे जास्त घडे. उन्हाचा दोष एवढाच.

घरातून घाईने निघावं लागलं तरी आपण आधी गॅस बंद करतो, मग नळ, मग दिवा, मग दार. चूक हाताळणं म्हणजे मुख्यतः एवढंच. जे घेतलं ते उलट्या क्रमाने परत ठेवायचं आणि मग बाहेर पडायचं. भदौरियाने ती ओळ दुरुस्त केली, खुर्ची मागे सरकवली आणि पडद्याला चक्क हात जोडले. "फूफाजी, चरण स्पर्श।"

असा मान फूफाजींना रोज देता आला असता तर बरं झालं असतं. पण तारीख जवळ येत होती आणि तक्रारींची रास मोठी होती. त्यांचं तोंड बंद करायचे दोन सोपे मार्ग प्रत्येक सी लिहिणाऱ्याला ठाऊक असतात. एक, आकड्यापुढे अशी एक खूण करायची, जिचा अर्थ होतो, 'मला माहीत आहे, मला पर्वा नाही.' फूफाजी लगेच गप्प. दोन, 'काही बिघडलं तर' असं लिहायचं आणि पुढे काहीच लिहायचं नाही. विचारल्यासारखं दिसतं, उत्तर कुणी ऐकलेलं नसतं. हाच सेठजींचा कापूस आणि हेच मेण. तिसरा मार्ग खरा. बिघडलं तर काय करायचं हे ठरवायचं. पण ठरवायला डोकं लागतं आणि वेळ लागतो, आणि टूलच्या तक्त्यावर तिन्ही मार्गांनी मिटलेली तक्रार सारखीच मिटलेली दिसते.

गोखले हे ओळखून होते. म्हणून त्यांनी एक पद्धत घातली. स्वतःच्या लिखाणावर माणूस माया करतो, तेव्हा ग्वाल्हेरच्या फायलींतल्या तक्रारी पुणे दुरुस्त करेल आणि पुण्याच्या ग्वाल्हेर. कल्पना चांगलीच होती. आम्ही त्यांच्या लिखाणातला बराच कापूस उपसला, त्यांनी आमच्यातला. आमच्या फायली तेजश्री नावाच्या मुलीकडे गेल्या. माझं मराठी गोड म्हणणारी तीच. काम मात्र चोख. कापूस नाही, मेण नाही, प्रत्येक ठिकाणी खरं उत्तर लिहायची.

एका सकाळी फूफाजींची एकही तक्रार उरली नाही. पुण्यात त्यांनी पेढे वाटले, आम्ही नया बाजारातून गरम कचोऱ्या मागवल्या. भदौरियाने दोन खाल्ल्या, आणि तिसरी पानात असतानाच म्हणाला, "इतनी शांति अच्छी नहीं लगती, दीदी।"

प्रत्यक्ष चालवून बघायला ठिकाण मीच सुचवलं, सराफ्यातल्या सेठजींचं. तिथे उंदीर, माकडं आणि विजेचा लहरी कारभार, असं सगळंच एका छताखाली मिळे. सेठजी तयार झाले, वर म्हणाले, "इस बार रुई नहीं लगाऊँगा, वचन देता हूँ।" तेजश्री त्यासाठी पुण्याहून आली. दिवस सहालगाचे, म्हणजे तिकडच्या लग्नसराईचे. सराफ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डबा बसवला, सुरुवातीला सगळं सुरेख चाललं. तेजश्रीने सेठानीच्या हातचे बेढईचे, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांचे, नाश्ते खाल्ले आणि गोखल्यांना फोटो पाठवले.

मग भर दुपारी सेठजींचा फोन आला. आवाज विलक्षण शांत होता. "बहनजी, ज़रा आ जाइए। गंगाजी उतर आई हैं।"

आम्ही तिघं धावलो. टाकी भरून वाहत होती, पाणी जिन्यावरून पायरी पायरी उतरत दुकानाच्या उंबऱ्याशी पोचलं होतं. गाद्या वर उचलल्या जात होत्या, एक नवरीमुलगी चपला हातात घेऊन उभी होती. पंप धडाधड चालू, आणि डबा मुका. भोंग्याचा आवाज नाही, लाल दिवा नाही. सेठजी मला म्हणाले, "देख लीजिए, रुई नहीं लगाई।" त्यांनी ओरडून भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

गच्चीवर गेलो. भदौरियाने आधी पंपाची वीज तोडली. सेन्सरची तार माकडाने उपटून कठड्यावर टाकली होती. म्हणजे तार तुटल्याची साधी, रोजची भानगड. आमचा जुना डबा अशा वेळी पंप बंद करून बोंब मारायचा. हा नवा पंप चालू ठेवून गप्प बसला होता. तेजश्रीने पाण्यात उभं राहूनच लॅपटॉप जोडला. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, स्थिती तर खाली दाखवतोय," ती म्हणाली.

"हाँ, तो खाली ही दिखाएगा न," भदौरिया म्हणाला. त्याला इतकं मराठी येत होतं.

"पण टाकी तर वाहतेय! मग खाली कसं?"

"टंकी का इससे क्या लेना-देना? खाली तो खाली है।"

"म्हणजे सेन्सर चुकीचं सांगतोय?"

"सेन्सर तो कुछ बता ही नहीं रहा! इसीलिए तो खाली है!"

दोघांचेही आवाज चढले. भदौरियाच्या मनात फूलबागेचं ऑफिस आणि मुलीची टी.सी. असणार, तेजश्रीच्या मनात आपली नवी नोकरी. मी मधे उभी होते. दोघांचंही बोलणं मला बरोबर वाटत होतं, आणि दोन्ही बरोबर कशी असतील हे कळत नव्हतं. मग एकाएकी कळलं.

मी म्हटलं, "थांबा. तेजश्री, खाली म्हणजे काय गं?"

तिने वैतागून बोट जमिनीकडे केलं. "खाली. खालती."

"और भदौरिया जी, खाली मतलब?"

त्याने दोन्ही पंजे उलगडून दाखवले. रिकामे.

मी तिथेच कठड्यावर बसले आणि मला हसू आवरेना. जिन्यात उभ्या असलेल्या सेठजींना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

झालं होतं ते असं. सेन्सरकडून आलेले आकडे प्रोग्राम आधी एका साठ्यात ठेवतो आणि तिथून एकेक उचलतो. उचलायला गेल्यावर काय झालं याचे भदौरियाने तीन निरोप ठरवले होते, रोमन अक्षरांत लिहिलेले: ठीक, खराब आणि खाली. त्याचं खाली म्हणजे साठा रिकामा, बातमीच आली नाही. तो निरोप तो बघत नसे, कारण बातमी शिळी झाली की पंप बंद करून भोंगा वाजवणारा एक वेगळा पहारेकरी त्याने ठेवला होता. फूफाजींना हे कुठून कळणार? त्यांनी तक्रार केली, निरोप आणलाय, कुणी बघत नाही. तेजश्रीने बघितला. ठीक तिला कळलं, खराब कळलं आणि खाली तर कळलंच. पाण्याची पातळी खाली गेली, तर काय करायचं? पंप चालू करायचा. तिने तसं लिहिलं, आणि नियमाप्रमाणे पहारेकऱ्याला कळवलं की ही भानगड हाताळली गेली आहे, तू ओरडू नकोस. फूफाजी खूश, पहारेकरी गप्प.

यात निष्काळजी कुणीच नव्हतं, याचं मला आजही नवल वाटतं. भदौरियाने तमिळमधला शब्द लिहिला असता, तर तेजश्रीने फोन उचलून विचारलं असतं. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो. ओळखीचा वाटला, की बिनधास्त पुढे जातो. हिंदी आणि मराठी इतक्या शेजारी राहतात, की एकीचं भांडं दुसरीच्या घरात गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

गोखले दुसऱ्या दिवशीच ग्वाल्हेरला आले. सेठजींच्या दुकानात जाऊन त्यांनी स्वतः माफी मागितली आणि मग फूलबागेच्या ऑफिसात आम्ही बसलो. बैठकीला येण्याआधी जिन्यात भदौरिया मला हळूच म्हणाला होता, "दीदी, उस लाइन पर नाम तो उसी लड़की का है।" खरंच होतं. कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद यंत्रातच असते. ते एक वाक्य बोललं असतं, तर ग्वाल्हेरच्या भागावर ठपका आला नसता. मुलगी नववीत असलेल्या बापाला काय म्हणणार? मी स्वतः काय बोलायचं हेही माझं नक्की होत नव्हतं.

गोखल्यांनी शांतपणे विचारलं, "चूक कुणाच्या भागात होती?"

तेजश्री लगेच म्हणाली, "ओळ माझी आहे, सर."

मी भदौरियाकडे बघितलं. तो मिशीवरून हात फिरवत टेबलाकडे बघत होता. मग त्याने मान वर केली. "लाइन इनकी है, साहब, पर शब्द मेरा है।" हे बोलणं त्याला केवढ्याला पडलं असेल, ते मला ठाऊक होतं. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला, की पुण्याशी बोलताना वाक्य घोळवायची माझी सवय त्या दिवशी सुटली.

मी म्हटलं, "गोष्ट ही आहे, गोखलेसाहेब, की आपण सगळे फूफाजींची समजूत काढून राहिलो होतो. एकमेकांची समजूत आहे की नाही, हे कुणी विचारलंच नाही. टूल सांगतं की इथे उत्तर हवं. उत्तर बरोबर आहे का, हे त्याला कुठून कळणार? ज्याने ओळ लिहिली त्याला फोन करून विचारायचं, की बाबा रे, हे बिघडलं तर तुझ्या मनात काय करायचं होतं? तेवढी एक जागा आपल्या पद्धतीत नव्हती. ती ठेवू या. आणि दोन्हीकडच्या फायलींतले असे शब्द आधी मला वाचू द्या. माझं मराठी तुम्हाला गोड वाटतं ना? तर त्या गोडाचा उपयोग करून घ्या."

गोखले हसले नाहीत. त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडला आणि आम्ही चौघं दुपारभर फायली वाचत बसलो. आणखी दोन जागा सापडल्या. एक आमच्या फायलींत, एक त्यांच्या. त्यांच्यातली तर एवढी बेमालूम होती, की भदौरियाने ती शोधून काढल्यावर गोखल्यांनी उठून त्याच्याशी हात मिळवला.

संध्याकाळी निघताना मीच विषय काढला. म्हटलं, आम्हाला पुण्याला केव्हा यावं लागेल ते एकदा सांगून टाका, लोकांच्या घरचे प्रश्न आहेत.

"पुण्याला?" गोखले म्हणाले. "वंदनाताई, तुम्हाला उचलून पुण्याला आणलं, तर दोन वर्षांत तुम्हीही आमच्यासारखंच बोलायला लागाल. मग आम्हाला उपयोग काय तुमचा? दोन्हीकडच्या चुका वाचायचं काम इथूनच होईल. वर मी सांगतो. हे ऑफिस राहील."

मी निवृत्त होईपर्यंत तरी ते राहिलं, आणि अजून आहे. तेजश्री तिथे वर्षभर येऊन राहिली, भदौरियाच्या हाताखाली शिकली, आणि जाताना त्याच्याइतकं चांगलं हिंदी आणि माझ्याइतकं वाईट मराठी घेऊन गेली. पडद्यावरून पुसलेलं नाव काही परत आलं नाही. एक झालेला डबा मात्र सेठजींकडे अजून चालतो, आणि वाजला की ते आधी वर बघतात.

त्या संध्याकाळी गोखले खोलीतून बाहेर पडले, तसा भदौरिया त्यांच्या मागोमाग गेला. जिन्यात त्याने त्यांना थांबवून काहीतरी विचारलं, मग आपल्या मोडक्या मराठीत पुन्हा विचारलं. मग गॅलरीत येऊन त्याने घरी फोन लावला.

"सुनो," तो म्हणाला, "बिटिया की टी.सी. मत निकलवाना।"

पलीकडून बायको काहीतरी विचारत राहिली. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "हाँ, हाँ, पक्का है। दोनों भाषाओं में पूछ लिया है।"